हेल्मेट कधी काढायचं

माझी मुलगी पाळण्यात कायम खिडकीकडे मान वळवून झोपायची. चार-पाच महिन्यांत तिचं डोकं मागून उजव्या बाजूला चांगलंच चपटं झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या मापाचं गुलाबी हेल्मेट करून दिलं. रात्रंदिवस घालायचं, फक्त अंघोळीला काढायचं. डोकं वाढेल तसं आतल्या मोकळ्या जागेत भरत जाईल आणि गोल होईल, असं त्यांनी समजावलं.

आष्टीत, आमच्या गावी, परत आल्यावर हे सगळ्या गावाला समजावायची पाळी माझ्यावर आली. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "पडलं का काय गं लेकरू?" एका मोटरसायकलवर तिघं चालले होते, बोडक्या डोक्यानं. त्यातल्या पुढच्यानं गाडी थांबवून काळजीनं विचारलं, "वहिनी, आता लेकरांलाबी सक्ती झाली का?"

सासूबाईंचा विरोध पहिल्या दिवसापासून. "ही बादली काहून घातली पोरीच्या डोक्याला? आमी तेल चोळून डोकी गोल केली सगळ्यांची." अंघोळीला हेल्मेट निघालं की त्या तेलाची वाटी घेऊन हजर.

मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "डोकं बरंच सुधारलंय. अजून दोन महिने ठेवलंत तर किंचित फरक पडेल. काढलंत तरी काही बिघडणार नाही. तुम्हीच ठरवा."

डॉक्टरांनी 'तुम्हीच ठरवा' म्हणावं, यासारखा ताप नाही.

नवरा शेतजमिनींची मोजणी करतो. बांध इंचभर सरकला तर काय होतं हे त्यानं रोज पाहिलेलं. त्याला दोन्ही बाजू सारख्या हव्या होत्या. तो टेप घेऊन पोरीच्या डोक्याची तिरकी मापं घ्यायचा आणि ती टेपचं टोक चघळायची. त्यामुळे माप दर वेळी वेगळं यायचं.

मला मात्र हेल्मेट काढायचं होतं. उन्हाळा तोंडावर आला होता. कितीही पुसलं तरी हेल्मेटला ओल्या मोज्यासारखा वास यायचा. कडेवर घेतलं की माझ्या हनुवटीवर टणकन आदळायचं. सासूबाई माझ्या बाजूनं बोलतील, याची मला खात्री होती.

"काढायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

पोरगी नुकतीच पलंगाला धरून उभी राहायला लागली होती. फरशीवर धाडकन पडायची आणि हेल्मेटच्या आवाजानं स्वतःच हसायची. "लई कामाची वस्तू हाय," सासूबाई म्हणाल्या. "चालायला लागूस्तोर राहू द्या."

नवऱ्याला जोर चढला. त्यानं माझ्या सासऱ्यांना विचारलं, "तुम्हीच सांगा, मोठेपणी लोक नावं नाही ठेवणार हिला?"

सासऱ्यांनी पेपर बाजूला ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली. "हात लावून बघ."

नवऱ्यानं हात लावला. मागून डावी बाजू अगदी पाटासारखी सपाट होती. मग सासूबाईंनी लावला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं न्हाई!"

"तुमी इचारलं कुठं?" सासरे म्हणाले. "टोपी बघूनच हो म्हणले तुमच्या घरचे."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हसता हसता नवऱ्याचा हात हळूच स्वतःच्या डोक्यामागं गेला. मीही त्याचं डोकं चाचपून पाहिलं. डावीकडं तोच पाट. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर टेप बाहेर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "आम्ही काढतोय."

"छान," ते म्हणाले. मी अजून काहीतरी ऐकायला थांबले होते, पण त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

अंघोळीनंतर हेल्मेट घातलं नाही. पोरीनं दोन्ही हातांनी डोकं चाचपलं, ते तिथंच आहे ना याची खात्री करून घेतली आणि संध्याकाळपर्यंत पलंगाच्या कडेवर कपाळ आपटून घेतलं. चांगलं टेंगूळ आलं. हळद लावताना सासूबाई तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

मग त्यांनी जुन्या उशीतला कापूस काढला आणि दोन दिवस खपून जाडजूड कुंची शिवली. पोरीनं ती घातल्या घातल्या ओढून काढली आणि दारातल्या शेळीपुढं टाकली.