शिवालयाचं पाणी साक्षीला

वेरूळच्या शिवालय तीर्थाची गोष्ट मला सांगितली ती माझ्या थोरल्या बहिणीनं. तिचं सासर वेरूळचं. गोष्टीतल्या थोरलीला मूल नव्हतं, म्हणून तिनं हट्टानं धाकट्या बहिणीला, घुश्मेला, सवत करून आणलं. घुश्मा रोज मातीच्या पिंडी करून पुजायची आणि तळ्यात सोडायची. तिला मुलगा झाला तसं थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. तिनं त्याला मारून त्याच तळ्यात टाकलं. घुश्मा नेहमीसारखी पिंडी सोडायला गेली, तर लेक जिवंत होऊन वर आला. इतक्या पिंडी पोटात घेतल्या, म्हणून त्या तळ्याचं नाव शिवालय.

मी औरंगपुऱ्यात राहायचे. निजामाचं राज्य जाऊन कचेरीत मराठी आली होती आणि माझे यजमान तिथं कारकून होते. घरात सगळं होतं, मूल तेवढं नव्हतं. बहिणीला दोन मुलगे. एका श्रावणी सोमवारी पिंडी सोडून झाल्यावर तिनं रांगता धाकटा माझ्या ओटीत घातला. यजमान म्हणाले, "दत्तक घ्यायचं तर रीतसर होम करू, चार माणसं बोलावू."

"सख्ख्या बहिणी आम्ही. आमच्यात कसला होम?" बहीण म्हणाली. "शिवालयाचं पाणी हाये की साक्षीला."

मला ते इतकं गोड लागलं, की राग आला तो यजमानांचाच.

पोरगं माझ्याकडं वाढलं. माझा कान धरल्याशिवाय झोपायचं नाही. ते बोबडं बोलायला लागलं आणि तिकडं बहिणीचा थोरला तापानं गेला. तेराव्यापर्यंत मी तिच्याजवळ होते, घास भरवत होते. पुढच्या श्रावणात तिचा निरोप आला, लेकराला घेऊन ये, पिंडी करू.

केल्या. ताम्हन घेऊन मी पायऱ्या उतरले, पोरगं वर तिच्याजवळ ठेवलं. पिंडी सोडून वळले तर दोघंही नाहीत. धावत घरी गेले. तिची सासू उंबऱ्यात बसलेली.

"होम झालाय व्हय? मग दत्तक कसलं? चार दिवस मावशीकडं ऱ्हायलं लेकरू," ती म्हणाली. "आन् गोष्ट ठावं हाय न्हवं? जिला मूल नव्हतं तिनंच घात केला."

दारामागं बहीण उभी होती. तिचं लुगडं मला दिसत होतं.

तिनं तोंडानं मागितलं असतं तर मी दिलं असतं का? नसतं दिलं. भांडले असते. पण पूजेला म्हणून बोलावून माझ्या पाठीमागं पोर नेलं, हे काही केल्या गिळता येत नाही. ती दुःखात होती, कबूल. मी कोण होते मग?

त्याच्या लग्नाला गेले. बहिणीनं मला कोपऱ्यात गाठलं. "घुश्मेनं बी बहिणीला माफ केलंच ना गं," म्हणाली.

"केलं," मी म्हणाले, "पोरगं हाती आल्यावर."

तिनं मान खाली घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात तो नव्या नवरीला घेऊन पाया पडायला आला. तिला माझी ओळख करून देत म्हणाला, "ह्या मावशी. लहानपणी मी ह्यांच्याकडं होतो म्हणे."