मगदूम सरांचा पैरा

खडेबाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. वरची खोली मगदूम सरांना भाड्याने दिली तेव्हा मला वाटलं होतं, कॉम्प्युटरवाली माणसं म्हणजे शांत. माना खाली घालून बसतील, चहा पितील, जातील. पण रविवार उजाडला की वर जो गलका सुरू व्हायचा, त्यापुढे माझ्या दुकानातली पातेली कोसळली तरी कुणाला ऐकू आलं नसतं. एका रविवारी मी चिडून जिना चढलो. वर सहा-सात पोरंपोरी पांढऱ्या फळ्यासमोर उभी राहून एकमेकांच्या अंगावर ओरडत होती आणि सर कोपऱ्यात खुर्ची टाकून, भजन ऐकावं तसे डोळे मिटून बसले होते.

"सर, मारामारी व्हईल हितं!" मी म्हणालो.

"हू दे की अण्णा," ते म्हणाले. "भांडालीत म्हंजे वाचून आलीत."

आता अशा माणसाला काय बोलणार? मी आल्या पावली खाली उतरलो आणि पोरांसाठी चहा पाठवला. माझा राग हा असा आहे, फार वेळ टिकत नाही.

सन्मती मगदूम निपाणीजवळच्या अकोळचे. घरची शेती, जैन कुटुंब. आईशी कन्नडमध्ये बोलणार, माझ्याशी मराठीत आणि कॉम्प्युटरशी कुठल्या भाषेत ते त्यांनाच ठाऊक. बेंगळूरला मोठ्या कंपनीत होते म्हणे. ते सोडून आले आणि इथल्या एका डिप्लोमा कॉलेजात शिकवू लागले. काटकुळे, उंच, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. जगभरातले कॉम्प्युटरवाले रात्र रात्र जागतात असं मी ऐकून होतो, पण आमच्या माडीवरचे उन्हं कलली की गाशा गुंडाळायचे, कारण सरांचा डबा उघडायची वेळ झालेली असायची.

आणि त्यांची ती सवय! पोरगं काहीही सांगत आलं, बरोबर असो की चूक, सर मान तिरकी करून एवढंच म्हणायचे, "व्हय काय?" रागावून नाही, अगदी प्रेमाने. पण त्या दोन शब्दांनी पोरांच्या तोंडचं पाणी पळायचं. जे छातीठोकपणे सांगत आलेलं असायचं, ते लगेच "न्हाय सर, परत बघतो" म्हणत मागे फिरायचं. साईराज नावाचा मोबाईल दुकानात काम करणारा धट्टाकट्टा पोरगा, गिऱ्हाइकाला दमात घेणारा, पण सरांच्या "व्हय काय?" पुढे त्याचं मांजर व्हायचं.

हे लोक वर नक्की करतात तरी काय, हे मला रचनाने समजावलं. रचना पिरनवाडीची. घरी भाताची थोडी शेती, वडील शहरात नोकरीला, आई रुक्माबाई शेतात. पोरगी अंगाने एवढीशी, पण फळ्यापुढच्या भांडणात सगळ्यात मोठा आवाज तिचा. कॉलेज संपवून एका ऑफिसात लागली होती आणि रविवार इथे घालवायची.

"काका, तुमी मला मेसेज करता न्हवं?" ती म्हणाली. "तो हितनं जातो कुठल्या तरी लांबच्या कंपनीच्या मशीनवर, मग तिथनं येतो माझ्याकडं. मी समोर बसलेली असले तरी."

"म्हंजे हितनं गणपत गल्लीला जायला मुंबईवरनं जायचं?"

"तसंच की! आणि नेट गेलं की तेबी बंद. आमचं काय, तर तुमचा फोन थेट शेजारच्या फोनला सांगणार, तो त्याच्या शेजारच्याला. मधी मालक कोण न्हाय."

नावही तिनेच ठेवलं होतं, 'पैरा'. भात लावायच्या दिवसांत आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या, तो पैरा. त्यात मुकादम नसतो. रुक्माबाई अजून पैऱ्यानेच लावणी करतात. सरांनी हे नाव ऐकलं तेव्हा "व्हय काय?" म्हटलं नाही म्हणे. उठून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहूनच टाकलं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा पचली. हे सगळं फुकट होतं आणि उघडं होतं. आतलं काम कसं केलंय ते जगातल्या कुणीही बघावं, वापरावं, चुकलं असेल तर दुरुस्ती लिहून पाठवावी. ती घ्यायची की परत पाठवायची, एवढं ठरवायला एक सांभाळणारं माणूस लागतं. सरांनी ते काम रचनाकडे दिलं होतं. निदान तोंडाने तरी दिलं होतं.

तोंडाने म्हणतो, कारण प्रत्यक्षात पोरगी प्रत्येक गोष्टीला "सर म्हणतील तसं" म्हणायची. इतरांच्या दुरुस्त्या फाडून खायची, पण सरांची आली की न बोलता आत घ्यायची. सरांना हेच खुपत होतं. मागे त्यांनी असंच एक काम उभं केलं होतं. छान चाललं होतं. मग त्यांना टायफॉइड झाला आणि ते बरेच दिवस गावी पडून राहिले. परत येऊन बघतात तर सगळी पोरं "सर आल्यावर बघू" म्हणून थांबलेली. काही कंटाळून निघून गेलेली. ते काम तिथेच मेलं. 

"मारुतीअण्णा," ते मला म्हणाले, "एक फोन बंद पडला म्हणून गावाचं बोलणं थांबाय नको, एवढं ह्या पोरांनी जमवलंय. पण मी बंद पडलो तर? हिनं मला एकदा तरी 'न्हाय' म्हटलं पायजे. न्हायतर हेबी माझ्याबरोबरच जाणार."

आमच्याकडे सरांना 'नाही' म्हणायचं! मी स्वतः शाळा सोडून चाळीस-एक वर्षं झाली, तरी आमचे गणिताचे मास्तर रस्त्यात दिसले की हात आपोआप मागे जातात. 

'पैरा' जगापुढे ठेवायचा रविवार ठरला. उद्घाटन म्हटल्यावर मला चेव आला. मी म्हणालो, समई माझ्या दुकानातली, खायला कुंदा माझ्याकडून, पाहुणा मात्र वजनदार आणा. त्यावरून आणखी एक भांडण झालं. साईराज म्हणाला, "काका, पाहुणा बटण कशावर दाबणार? मेन मशीनच न्हाय आपल्यात." मी म्हणालो, उद्घाटनाला बटण नाही म्हणजे हा काय समारंभ झाला! शेवटी सरांनी निकाल दिला की पाहुण्या रुक्माबाई. पैरा त्यांच्याकडून आला, तर पहिला निरोपही त्यांच्याच फोनवरून जाऊ दे.

आदल्या दिवशी रचना दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं तर म्हणाली, "सरांनी आज एक दुरुस्ती पाठवलीया. घेतली." मी म्हटलं, मग बरंच झालं. ती "हं" म्हणाली आणि वाट्यांचा ढीग उगाच सारखा करत बसली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी खोली गच्च भरली. रुक्माबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. समई लागली. माझ्या गड्याचा फोन खाली दुकानात, समोरच्या बांगडीवाल्या बाळाबाईंचा रस्त्यापलीकडे, अशी फोनांची रांग लावून ठेवली होती. सगळ्यांनी नेट बंद केलं. रुक्माबाईंनी निरोप बोलायचा, तो हातोहात पलीकडे जायचा, एवढाच कार्यक्रम.

रुक्माबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि पंखा थांबला. करंट गेला.

"काय बिघडत न्हाय," साईराज जोरात म्हणाला. "ह्यासाठीच तर बनवलंय! फोनांना बॅटरी हाय. बोला मावशी."

रुक्माबाई बोलल्या. फोनवर एक गोल चकली फिरायला लागली आणि फिरतच राहिली. खालून गडी ओरडला, "काय बी आलं न्हाय!" समोरून बाळाबाईंनी हात हलवून तेच सांगितलं. खोलीत कुजबुज सुरू झाली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, जणू समारंभ माझ्याच घरचा.

सर ताडकन उठले. मी त्यांना इतकं घाईत कधी पाहिलं नव्हतं. "रचना, बाजूला हो जरा. मी दोन मिनिटांत करतो." आणि मला म्हणाले, "अण्णा, तुमच्या दुकानातल्या इन्व्हर्टरची वायर मिळंल काय?" मी वायर आणायला निघालोही होतो.

रचना लॅपटॉपपुढून हलली नाही.

"सर, थांबा," ती म्हणाली.  "वायर नको. तुमी काल पाठवलेलं काढायचंय."

तेव्हा कुठे गोष्ट उजेडात आली. समारंभात फजिती होऊ नये म्हणून सरांनी कोपऱ्यात एक छोटी डबी ठेवली होती. कुणाचा फोन कुठे आहे हे सगळ्या फोनांनी त्या डबीला विचारायचं, म्हणजे काम पटकन होतं. सकाळच्या तालमीत झकास चाललं होतं. पण डबी चालायची करंटवर. करंट गेला, डबी मेली आणि सगळे फोन मुके होऊन तिच्या उत्तराची वाट बघत बसले. ज्या कामात मुकादम नाही म्हणून आम्ही नाचत होतो, त्यात सरांनीच गुपचूप एक मुकादम आणून बसवला होता.

"मला कालच कळलंतं सर, हे चुकीचं हाय," रचना म्हणाली. "तुमचं होतं म्हणून घेतलं."

 सरांनी मान तिरकी केली. सवयीने असेल, नाहीतर खरंच गोंधळून असेल, पण तोंडातून निघालं तेच.

"व्हय काय?"

साईराजने डोळे मिटून घेतले. आता ही म्हणणार, न्हाय सर, परत बघते. मीही तेच धरून चाललो होतो.

"व्हय, सर," रचना म्हणाली.

 सर मागे सरकले आणि पोरांच्या मध्ये खाली सतरंजीवर जाऊन बसले. खुर्ची रिकामी होती, तरी खाली बसले.

रचनाने सरांचं काम काढून टाकलं. नवं तयार झालेलं आता सगळ्या फोनांत घालायला हवं होतं, आणि नेट तर बंद. पण अगदी शेजारच्या फोनला द्यायला डबी लागत नव्हती. तिने ते लॅपटॉपमधून आईच्या फोनवर दिलं, आईच्या फोनने साईराजच्या, साईराजच्या फोनने जिन्यातल्या पोराच्या, त्याने माझ्या गड्याच्या. अशी ती दुरुस्तीच पैऱ्याने रस्ता ओलांडून गेली. थोड्या वेळाने समोरच्या बांगडीच्या दुकानातून रुक्माबाईंचा आवाज आमच्यापर्यंत ऐकू आला, कारण बाळाबाईंनी फोनचा आवाज पुरता मोठा करून ठेवला होता: "ऐकू येतंय काय गं? पोरीला माझ्या दृष्ट लावू नगा." सगळा बाजार हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी समईच्या धुरावर ढकललं.

संध्याकाळी, डब्याच्या वेळेला, मी सरांना स्पष्टच विचारलं. "खरं सांगा, मुद्दाम केलंतसा न्हवं? पोरीची परीक्षा?"

"न्हाय अण्णा," ते भाकरी मोडत म्हणाले. "भीती वाटली हो मला. चार लोकांत पोरं तोंडावर पडली तर, म्हणून हात घातला. मला विचारायचं सोड म्हणून तिला मीच सांगत होतो आणि हातातनं सुटत मलाच नव्हतं."

असा खरं बोलणारा माणूस आपल्या डोक्यावर राहतो, याचं मला फार बरं वाटलं. त्या महिन्यापासून मी भाडं वाढवायचा विचार सोडून दिला.

पुढच्या रविवारी सर आलेच नाहीत. मुद्दाम अकोळला आईकडे जाऊन बसले. 'पैरा' आता जगापुढे गेला होता. कुठल्या कुठल्या देशांतून दुरुस्त्या येत होत्या, आणि वर भांडण तर असं पेटलं होतं की माझ्या फळीवरची तांबी थरथरत होती. दुपारी माझा फोन वाजला. सरच होते.

"अण्णा, वर आवाज येतोय काय?"

"येतोय म्हंजे? माडी खाली येतीया!"

"कोण ओरडालंय?"

मी जिन्यात जाऊन कान दिला. "रचना. कुणाची तरी दुरुस्ती आलीया, ती परत पाठवा म्हणतीया. साईराज म्हणतोय असू दे, पण ही काय ऐकंना."

"कुणाची दुरुस्ती?"

मी वरती ओरडून विचारलं. वरून उत्तर आलं. मी फोन कानाला लावला, पण सांगायला जीभ रेटेना.

"सर... तुमचीच म्हणे."

 मला वाटलं, आता रागावणार. पण पलीकडून हसू ऐकू आलं, पोट धरून हसावं तसं, आणि मागून त्यांची आई कन्नडमध्ये काय झालं, काय झालं विचारत होती.

"बरं झालं अण्णा," सर म्हणाले. "आता मी निवांत जेवतो."