फिका कल्ला

आमच्या घराण्याच्या रक्तात दोष नाही. हे मी मांडवीच्या भर नाक्यावर ओरडून सांगितलंय, म्हणून आता मागे घेता येत नाही!

झालं असं, नात सुमीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा मिरजोळ्याच्या कारखान्यात. तर या पोरीनं आपणहून रक्त तपासलं (आमच्या वेळी पत्रिका बघायचे, रक्त फक्त डास बघायचे!) आणि निघाला थॅलेसेमिया मायनर.

"आबा, घाबरू नका. रक्त जरा कमी, एवढंच. कितीतरी बायकांत असतं, त्यांना ठाऊकही नसतं. पण त्याच्यातही निघालं, तर पोर फार आजारी जन्माला येऊ शकतं. त्याचंही तपासायला हवं."

"जावयाकडं रक्त मागू? नाक कापायचंय काय माझं? आधी हे घरात कुणी आणलं, तो चोर शोधतो!"

बायकांत असतं, म्हणजे चोर बाईच! जन्म बोटीवर गेला माझा. मासळीचा कल्ला उचलायचा; लाल तर ताजा, फिका तर फेक. सुनेला उजेडात उभी केली, डोळ्याची पापणी खाली ओढली. फिकी!

"तुझ्या माहेरचं हे!" आवाज नाक्यापर्यंत गेला. पाठोपाठ मीही गेलो.

"आबा, मी काय बांगडा आहे?" सून मागून ओरडली.

तिला आणि बायकोला रिक्षात कोंबून लॅबमध्ये नेलं. दोघी स्वच्छ!

"मशीन बिघडलंय तुमचं!"

"आजोबा, हे पुरुषांकडूनही येतं," लॅबवाली म्हणाली. "तितकंच."

मग माझ्या मुलाला, सुमीच्या बापाला, ओढून आणला. त्याच्यात निघालं. त्याची आई तर स्वच्छ. सगळी लॅब माझ्याकडं बघायला लागली! बाही सरकवून हात पुढं केला. बघा म्हटलं, दर्याचं रक्त!

दर्याच्या रक्तातच निघालं.

तेवढ्यात दारात होणारा जावई. "आबा, तुमचा आवाज मिरजोळ्यापर्यंत आला. माझंही घ्या रक्त."

त्याचा रिपोर्ट येईपर्यंत सुमी जेवली नाही. मीही नाही, पण ते रागानं! आला एकदाचा. स्वच्छ. लग्न पक्कं.

साखरपुड्यात व्याही बायकोला म्हणाले, "वहिनी, आबा एवढे गप्प का?"

तिनं भर मांडवात माझी पापणी खाली ओढली. "बघा. माझ्या बापानं कल्ला न बघता घेतला हो हा!"