धुतलेली ज्वारी

उमरेड रोडपलीकडचं तळं नत्थू ढिवराने ठेक्याने घेतलं होतं. मी त्याचा शेजारी. मासोळीला एवढा जीव लावणारा येडा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरात भाजी असो नसो, तळ्यातल्या रोहू-कतल्याला ढेपेचे, म्हणजे सरकीच्या पेंडीचे, आणि कोंड्याचे गोळे वेळेवर मिळायचे.

बहात्तरच्या दुष्काळात पेरण्या बुडाल्या आणि एका बियाणेवाल्याकडे औषध लावलेली गुलाबी ज्वारी पडून राहिली. ढेप महागली होती, म्हणून नत्थूने ती आणली. औषधाचं त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्याने आणि त्याच्या बायकोने, अंजनाबाईने, हात दुखेपर्यंत ती घमेल्यात धुतली. पाणी स्वच्छ निघालं तसा तो म्हणाला, "रंग गेला, जहर गेलं वं." सगळा हंगाम तीच ज्वारी शिजून तळ्यात पडली. मासे मरायचे राहिले दूर, चांगले माजले.

पुढच्या वर्षी लेक कौसल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कतल्याचं डोकं म्हणजे घरधन्याचा मान. नत्थू ते रोज लेकीच्या ताटात वाढायचा. "खाय वं माय, पोट्टं हुशार होईन."

मुलगा झाला. तो मान धरेना, हाकेला वळेना. सासूने ठरवूनच टाकलं, सुनेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोर असं झालं. सासरहून कोणी न्यायला आलं नाही; कौसल्या माहेरीच राहिली, स्वतःला शिव्या देत.

नत्थू एकटाच पोराला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं खोदून विचारलं. ते म्हणाले, बियाण्याच्या औषधात पारा असतो. रंग धुतला जातो, पारा दाण्यातच राहतो, तिथून माशात, माशातून आईच्या पोटातल्या बाळात. यानेच झालं असं खात्रीने सांगता येत नाही, पण...

हे त्याने फक्त मला सांगितलं. त्या 'पण'ने नत्थूला पुरतं खाल्लं. त्याने तळं सोडलं. बाजारात पोटुशी बाई दिसली की तो रस्ता बदलायचा. हिनेही आपलीच मासोळी नेली असेल, अशी त्याला धास्ती.

मला मात्र त्याचा संताप यायचा. पोरगी विनाकारण जळतेय आणि हा तोंड शिवून बसलाय! एकदा मी बोललोच, "सांगून काहून नाही देत गा तिले?"

"सांगतलं तं ते मले बाप म्हणन का?"

अखेर जावई भेटायला आला, तेव्हा नत्थूने ओसरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं. कौसल्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पोराला उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी जावई तिला न्यायला तयार झाला. निघताना तिने मूल नत्थूच्या मांडीवर ठेवलं.

"मायी काई चूक नोयती नं, बाबा?"

"नोयती, माय."

"मंग याले तुमीच सांभाळा."

ती गेली. अंजनाबाई आत जाऊन रडू लागली. नत्थूने पोराच्या मानेखाली हात धरला आणि त्याला हाक मारली. पोर वर बघत राहिलं. नत्थू हाका मारतच बसला.