नऊ सेकंदं गप्प

रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पोरं मागून ‘धबधबा’ म्हणत. एकदा सुरू झाले की घंटेलाही दाद द्यायचे नाहीत. तीस वर्षं शिकवून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: हल्लीची पोरं मख्ख! काही विचारा, ढिम्म. निवृत्तीआधी हे शास्त्रशुद्ध सिद्ध करायचंच म्हणून त्यांनी एका शिक्षणपरिषदेला निबंधाचा विषय कळवूनही टाकला, आणि पुराव्यासाठी स्वतःचा तास रेकॉर्ड केला.

घरी तो ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. प्रश्न एक्केचाळीस. प्रत्येकानंतर थांबले सरासरी पाऊण सेकंद. उत्तरं चाळीस, सगळी खुद्द सरांची! एक्केचाळिसावं घंटेच्या गोंगाटात बुडालं होतं.

“आता हे परिषदेत सांगणार?” बायकोनं विचारलं.

“सांगितलं तर नाक कापलं जाईल.”

“अहो, मग आधी गप्प बसून तर बघा. तुम्हाला जमलं, तर तोही शोधच की!”

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, “पाणी उकळतं तेव्हा बुडबुड्यांत काय असतं?” आणि तोंड मिटलं. तीन सेकंदं. चार. उत्तर जिभेवर नाचत होतं. सरांनी टेबलाची कड घट्ट धरली. त्यांना काहीतरी होतंय असं वाटून पहिल्या बाकावरचा मुलगा पाणी आणायला उठला. त्याला त्यांनी हातानंच बसवलं. नवव्या सेकंदाला मागून एक मुलगी बोलली. दोन वर्षांत तिचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

“हवा.”

“हॅट्! हायड्रोजन,” दुसरा म्हणाला, आणि जुंपलीच. शेवटी तीच मुलगी म्हणाली, “थांबा रे. हवा असती तर केव्हाच संपली असती. पाणी तर आटेपर्यंत उकळतं. आणि हायड्रोजन असता तर शेगडीवर भडकला असता. म्हणजे ती वाफच.”

सरांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि तितकीच लाजही वाटली.

“इतके दिवस का बोलली नाहीस?” त्यांनी विचारलं, आणि या वेळी मनापासून थांबले.

“सर, आम्हाला वाटायचं, तुम्ही स्वतःशीच बोलताय. मध्ये कसं बोलायचं?”

परिषदेत सरांनी नाकाची पर्वा न करता सगळे आकडे वाचले. चाळीस उत्तरांना सभागृह खो खो हसलं. मग त्यांनी त्या मुलीचं ‘तुम्ही स्वतःशीच बोलताय’ हे वाक्य वाचलं. हसू थांबलं, आणि पुढच्या रांगेतले जाणते प्राध्यापक आपापल्या वह्यांत बघू लागले.