चाकदादाच्या चोवीस रिमा

आमच्या जिन्यासमोर कारखान्याची सायकल शेड होती आणि तिला लागून एक खोली. त्या खोलीत एकवीस वर्षं एक मिस्त्री राहिला. सगळे त्याला चाकदादा म्हणत. निरोप्यांच्या सायकली सांभाळणं हे त्याचं काम, आणि काम आहे तोवर खोली. हे त्याला आणि त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती दोघं त्याविषयी कधी बोलत नसत.

गंज काढायची त्याची रीत संथ होती. रिम रॉकेलने पुसायची, पितळी ब्रशने घासायची, मग चॉकलेटच्या वेष्टनातला चांदीचा कागद चुरगळून, ओला करून हलक्या हाताने फिरवायचा. साबणाने धुऊन उन्हात वाळवायची आणि कोमट असतानाच मेणाचा पातळ हात द्यायचा, टायरखाली झाकल्या जाणाऱ्या बाजूलासुद्धा.

"वरचा गंज दिसतो, मावशी. आतला खातो," तो मला सांगे.

बायको म्हणे, "माझ्या तोंडाकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत."

"तुला कुठे गंज चढलाय?"

"जीभ वापरात आहे म्हणून वाचले."

मग नवा व्यवस्थापक आला. त्याला सायकली भंगारात काढून शेड मोडायची होती. चाकदादाने फार विनवण्या केल्या, तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या सोमवारी चोवीस रिमा नव्यासारख्या दाखवा. नाहीतर किल्ली द्या."

नवराबायको दोघं राबली तरी दिवसाला तीनच होत. गुरुवारी नऊ झाल्या होत्या. त्या संध्याकाळी त्याने, जन्मात पहिल्यांदा, ॲसिड आणलं. शुक्रवारी उरलेल्या पंधरा दुपारभरात पांढऱ्याशुभ्र निघाल्या. धुतल्या, पुसल्या, पण ऊन उतरलं होतं, म्हणून मेण उद्यावर ठेवलं. हवा दमट होती. ओल लागू नये म्हणून त्याने चोवीसही रिमा खोलीत टांगल्या, खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. ॲसिडची बादली बाहेर ठेवली तर एखादं कुत्रं तोंड घालेल, म्हणून तीही आतच कोपऱ्यात ठेवली. दोघं शेडमध्ये झोपली.

सकाळी दार उघडलं तेव्हा सगळ्या रिमा नारिंगी झाल्या होत्या. मेण लावलेल्या नऊंवरही ठिपके उठले होते. भिंतीवर टांगलेले लोखंडी पानेसुद्धा गंजातून सुटले नव्हते.

तो उंबऱ्यावर बसला. मी खाली गेले तर म्हणाला, "बाहेरची हवा अडवली हो मी. बादलीतली वाफ आत कोंडली. इतकी वर्षं लोकांना शिकवतोय, आणि मीच!"

"उठा," बायको म्हणाली. "रडायचं तर घासता घासता रडा."

शनिवार-रविवार आम्ही तिघं घासत होतो. माझ्या हाताला वेग नव्हता. सोमवारी अकरा तयार होत्या.

व्यवस्थापकाने एक उचलली, आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. "काम चांगलं आहे. बाकीच्या?"

"माझी चूक झाली, साहेब. चार दिवस द्या."

"मी चोवीस म्हणालो होतो."

"हो, साहेब."

तेव्हा त्याची बायको, जी खोलीचं नाव कधी काढत नसे, पुढे झाली. "साहेब, आम्ही जायचं कुठे?"

तो घड्याळाकडे पाहत म्हणाला, "गुरुवारपर्यंत रिकामी करा."

ती सामान बांधत होती आणि तो उरलेल्या तेरा रिमा घासत होता. मला राहवेना. "अहो, त्या आता भंगारातच जाणार!"

"ठाऊक आहे, मावशी. पण हात थांबले की खोली दिसते."

गुरुवारी दुपारी दोन ट्रंका आणि एक वळकटी घेऊन ती दोघं निघाली. मी डायरी उघडून नवा पत्ता विचारला. त्याने बायकोकडे पाहिलं, तिने रस्त्याकडे.

"कळवतो," तो म्हणाला.

त्या पानावर त्याच्या नावापुढे मी दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. त्याला आता चार वर्षं झाली.