शेवटच्या स्टँडची कॉपी

इंदू गेली त्याला दहा दिवस झाले होते. ऑर्केस्ट्राच्या सेक्रेटरीचा फोन आला. मला वाटलं, माणूस दोन शब्द बोलेल. बोलला, दोनच. मग म्हणाला, "अंकल, ती नोटेशनची पानं खोडून झाली का? पार्सल परत पाठवायचंय." मी फोन ठेवून दिला...

आता सहा आठवडे झाले तरी राग गेलेला नाही, म्हणून लिहितोय. मी सातवी शिकलेला, फॅक्टरीत लेथ चालवून रिटायर झालेला माणूस. चुकलं तर चालवून घ्या. माझी बायको इंदू मात्र हुबळीला शाळेत व्हायोलिन शिकलेली, आणि इथं बंगळुरात वेस्टर्न म्युझिकच्या एका छोट्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं शेवटच्या स्टँडवर बसायची. एका स्टँडला दोन माणसं आणि नोटेशनची एक कॉपी. सगळ्यांचे व्हायोलिनचे गज एकदम वर, एकदम खाली जायला पाहिजेत, म्हणून प्रत्येक कॉपीत पेन्सिलीनं खुणा करायच्या. दाराच्या चौकटीसारखी खूण म्हणजे गज खाली ओढायचा, व्ही म्हणजे वर. हे काम इंदूचं, आमच्या जयनगरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. सीझन संपला की त्याच खुणा रबरानं खोडायच्या, कारण पानं बाहेरून मागवलेली, कोरी करून परत द्यावी लागतात. तेही तिनंच करायचं. छापील पत्रिकेत नाव मात्र सगळ्यांच्या खाली.

यंदा सीझनच्या शेवटच्या कॉन्सर्टला बाहेरून तीन पाहुणे वादक आले, मोठा पियानो आला, स्टेजवर जागा कमी पडली. सेक्रेटरी इंदूला म्हणाला, "आंटी, या वेळी शेवटचं स्टँड नाही. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या." ही "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि घरी येऊन खुणा करायला बसली! मी भडकलो. "तुला बसवत नाहीत आणि त्यांच्या खुणा कसल्या करतेस? लाज कशी वाटत नाही?" ती वर न बघता म्हणाली, "अहो, मग बाकीच्यांनी गज काय हवेत फिरवायचे?" तिची लाज काढली मी. ते आता परत घेता येत नाही.

कॉन्सर्टला ती काळी साडी नेसून आली, ऑर्केस्ट्रातल्या बाकीच्या बायकांसारखी, आणि माझ्या शेजारी बसली. वर सगळे गज तिच्या पेन्सिलीवर चाललेले, आणि ती खाली खुर्चीत. मध्येच एकाचा गज उलटा गेला. तिनं मला कोपरानं ढोसलं. "मेल्यानं वाचलंच नाही! व्ही काढलाय तिथं एवढा मोठा." तोंडाला पदर लावून हसली. शेवटी पाहुण्यांना गुच्छ दिले, माइकवाल्यापासून सगळ्यांचे आभार मानले... तिचे राहिले. पंधरा दिवसांनी सकाळी चहा गाळता गाळता ती कोसळली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्या लोकांनी मारलं असं मी म्हणत नाही. शेवटचं वाजवू दिलं नाही, हे मात्र म्हणणार, आणि तोंडावर म्हणणार.

फोन उचलत नाही म्हटल्यावर सेक्रेटरी घरीच आला. मी त्याला टेबलाशी बसवलं, पुढ्यात एक कॉपी ठेवली आणि रबर हातात दिला. "बाकीच्या सगळ्या तिनं खोडल्यात. ही एकच ठेवली होती. खोडा."

तो खोडायला लागला. दोन पानं झाल्यावर थांबला. "अंकल, ही तर शेवटच्या स्टँडची कॉपी. ही कुणी वाजवलीच नाही. आंटींनी हिच्यात खुणा कशाला केल्या?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "कशाला केल्या असतील?"

त्यानं खाली मान घालून उरलेली पानं कोरी केली आणि उठताना टेबलावरचा रबराचा चुरा हातानं झाडायला लागला. मी ओरडलोच. "त्याला हात लावायचा नाही!"

तो गेला, पानं गेली. काळसर चुरा तसाच आहे. कामवालीलाही पुसू देत नाही. मी ताट मांडीवर घेऊन जेवतो.